एक वाक्य मागे

काचेच्या खोलीचं दार लावून तिने माइक तोंडाशी ओढला आणि खाली पाहिलं. चर्चच्या मागच्या दोन बाकांवर नऊ जण हेडफोन चढवत होते. आईने नेहमीप्रमाणे उलटा घातला होता. शेजारच्या म्हाताऱ्या सुताराने तो काढून नीट बसवून दिला, तर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू चूक त्याचीच.

"येतंय का ऐकू?"

नऊ माना हलल्या.

आठवडाभर शिवणयंत्र आणि रविवारी ही खोली, असं अकरा वर्षं चाललं होतं. पाळक त्या परमुलखाच्या भाषेत उपदेश करत आणि ती तो घरच्या भाषेत मागच्यांच्या कानात पोचवी. म्हणून तिचं नाव पडलं कानवाली. पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, पाळक बोलतील तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. तिने ते कसोशीने पाळलं. मात्र आधी ऐकायचं आणि मग बोलायचं, त्यामुळे ती कायम एक वाक्य मागे. पाळकांनी विनोद केला की पुढची बाकं हसून गप्प होत, तेव्हा कुठे मागे खसखस पिके. "आलं बघा टपाल," असं पुढचं कोणी तरी हमखास म्हणे.

आज टपालाला उशीर होऊन चालणार नव्हता. नऊ माणसांसाठी अख्खी खोली अडवायची कशाला, तिथे वाद्यं राहतील, असं कार्यकारिणीचं म्हणणं होतं. उपासनेनंतर मंडळीचं मत घ्यायचं ठरलं होतं. सकाळी तिने पाळकांना दारातच गाठलं होतं.

"मत घेताना जरा थांबाल ना? आमच्याकडे उशिरा पोचतं."

"थांबेन हो." ते चष्मा पुसत होते.

"एरवी हसायला उशीर झाला तर चालतं, पण आज..."

"थांबेन म्हटलं ना, बाई."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

बाकीच्या आठांचं तिला वाईट वाटत होतंच, पण खरी काळजी होती ती आईची. घरची भाषा न येणारी नातवंडं आजीशी खुणांनी बोलत. ती स्वतः कामावरून येई ती आंबलेल्या अंगाने, दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपे. आई शनिवारीच चपला पुसून दाराशी ठेवायची. "घरी तू तोंड उघडत नाहीस," ती म्हणायची, "रविवारी तरी तासभर तुझा आवाज ऐकते."

उपदेश संपला. पाळकांनी खिशातून कागद काढला.

"अनुवादाची सोय पुढच्या रविवारपासून बंद करून मागची खोली वाद्यांसाठी घ्यावी, अशी सूचना आहे. सोय चालू राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा."

एरवी तिने हे दोन श्वासांत उरकलं असतं. पण आज एकाचाही गोंधळ होता कामा नये. आईला औषधाच्या वेळा समजावताना ती जशी बोले, तशी ती एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

पाळक थांबले. खरंच थांबले. बाकांवरून त्यांनी नजर फिरवली. पुढचा एकही हात हलला नाही.

"कोणी नाही? बरं. गीत क्रमांक बेचाळीस. उभे राहू या."

"...त्यांनी हात वर करावा," ती म्हणाली.

ऑर्गन सुरू झाला. मंडळी उभी राहून गाऊ लागली आणि त्या पाठींच्या मागे, बसल्या जागी, नऊ हात वर गेले.

तिने काचेवर मूठ आपटली. खोली बांधलीच होती आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दुसऱ्या कडव्याला पाळकांचं लक्ष मागे गेलं. अकरा वर्षं गीताच्या वेळी ढिम्म बसणाऱ्यांचे हात आज वर होते. हे स्तुतीत उचललेले हात समजून पाळकांचा चेहरा उजळला. त्यांनीही गाता गाता दोन्ही हात उंचावले. ते पाहून पुढच्या बाकांवरचे काही हातही वर गेले.

आईचा दंड थरथरू लागला. दुसऱ्या हाताने कोपराला आधार देत तिने मागे वळून काचेकडे पाहिलं.

कानवालीने माइकचं बटण दाबलं.

"मोजले," ती म्हणाली. "सगळे नऊ मोजले. हात खाली घ्या."

उपासना सुटल्यावर ती दारात हेडफोन गोळा करत उभी राहिली. आई सर्वांत शेवटी आली, दंड चोळत, पण खुशीत.

"आज किती सावकाश बोललीस गं. एकेक शब्द कळला. पुढच्या रविवारीही अशीच बोल."

"हो," ती म्हणाली आणि हेडफोनची वायर गुंडाळू लागली.