पेवात गेलेला फोटो

पिंकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, ते दोन हजार पंचवीस साल. उंब्रजला सासरी पेढे वाटले, हरिपुरात माहेरी वाटले, आणि बारशाला पाळणा पिंकीची आई भामाबाईच म्हणणार हे कुणी कुणाला न विचारताच ठरून गेलं. पण त्याच आठवड्यात भामाबाईला धाप लागली. तिचा मुलगा नागसेन सांगलीच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायचा, तिथंच तिला ठेवलं. हृदय अशक्त आहे हे घरात ठाऊक होतं. नवीन निघालं ते वेगळंच. उजव्या फुप्फुसावर एक डाग दिसला, हरभऱ्याएवढा.

डॉक्टर संयोगिताबाईंनी नागसेनला आणि त्याच्या बापाला, यल्लाप्पाला, सकाळीच बोलावून घेतलं.

"डाग अशा जागी आहे की सुई पोचत नाही. छाती उघडूनच काढावा लागेल. आणि त्यांचं हृदय बघता टेबलावर काय होईल याची मी हमी देत नाही. पण कॅन्सर असला तर थांबूनही चालायचं नाही."

"आणि डाग जुना असला तर?" नागसेननं विचारलं. "कोरोनात आई बहिणीकडं उंब्रजला होती. तेव्हा कराडला खाट मिळाली नाही म्हणून साताऱ्याला नेली होती, आपल्याच शाखेत. तिथं छातीचा सीटी काढला होता."

संयोगिताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तो आणा की. चार वर्षं न वाढलेल्या डागाला मी हात लावणार नाही. त्यात डाग नसला तर मात्र उद्या सकाळी आठला टेबल मोकळं आहे. भूल देणारे डॉक्टर त्यानंतर आठवडाभर नाहीत. आबांची सही तेवढी आज घेऊन ठेवा."

आणा म्हणणं सोपं होतं. कागदावरचा फोटो त्याच साली कृष्णेच्या पाण्यात गेला होता, घरातल्या बाकी सगळ्यासारखा. साताऱ्याची शाखा पुढं बंद पडली, तिथली मशिनं विकली गेली. विकण्याआधी रोज एसटीनं जाऊन-येऊन नागसेननंच तिथले सगळे फोटो क्लाउडच्या बॅकअपमध्ये चढवले होते. म्हणजे फोटो असला तर तिथंच, नाहीतर कुठंच नाही.

जिन्याखालच्या आपल्या खोलीत तो जाऊन बसला. तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्यानं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. मागं प्लास्टिकच्या खुर्चीत यल्लाप्पा येऊन बसला, काठी गुडघ्यात धरून. यादीत आईचं नाव सापडलं. तारीख बरोबर होती. फाईल उघडायला गेला तर उघडेना. पुन्हा केलं, उघडेना. नाव आहे, माल नाही.

"गेला, आबा," तो म्हणाला. "फोटो गेला."



बॅकअपचा ठेका पुण्याच्या एका कंपनीकडं होता आणि तिथला ऋषिराज पाटणला सासुरवाडीला आला होता. फोन लागला तेव्हा मागं ताटांचा आवाज येत होता.

"नागसेन, अ‍ॅडमिनची स्क्रीन माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे गड्या, आणि तो पुण्यात. इथनं मी काय करू? तू कमांडनं विचार. तेवढा हक्क तुला दिलाय."

"विचारलं की. फाईल मिळत नाही म्हणतंय."

"अरे, फाईल कशाला विचारतोस? आधी सेटिंग विचार. जुना माल कुठल्या टियरला टाकायचा ठरलंय ते मागव. मग बोल."

नागसेननं काळी खिडकी उघडली. या खिडकीत चित्र नाही, बटण नाही. आपण एक ओळ लिहायची, ते एक उत्तर देणार. पहिल्यांदा एक अक्षर चुकलं आणि तांबडी ओळ आली. दुसऱ्यांदा बॅकअपच्या साठ्याचं नाव चुकलं. बोटं ऐकत नव्हती. तिसऱ्यांदा एकेक अक्षर पुटपुटत लिहिलं आणि पांढऱ्या ओळी भराभर खाली उतरल्या.

"काय लिवलंय?" यल्लाप्पानं विचारलं.

नागसेननं दोनदा वाचलं. "टियरचा नियम चालू हाय, आबा. मंजे असं, की नवा माल हाताशी ठेवायचा. थोडा जुना झाला की मागच्या खोलीत. वर्ष उलटलं की पार आत, आर्काइव्हला. तिथं ठेवायला स्वस्त पडतं. पर हवा तवा उघडत न्हाई. आधी मागणी घालायची, मग ते पंधरा तासांपर्यंत कवाबी वर आणून देनार."

"मंजी पेवात टाकलाय."

नागसेननं मागं वळून बघितलं. यल्लाप्पाचं सगळं उमेदीचं वय हरिपूरच्या पेवांत गेलं होतं. नदीकाठच्या मातीत विहिरीसारखी खोल पेवं, त्यात व्यापाऱ्यांची हळद वर्षानुवर्षं ठेवायची. कीड लागत नाही, रंग उतरत नाही. महापुरांनी ती पेवं खाल्ली.

"तसंच," नागसेन म्हणाला.

"मग गेला कशानं म्हणतोस? पेवातला माल जात न्हाई. येळ लागतो."

नागसेननं मागणीची ओळ लिहिली. उत्तर आलं, काम सुरू झालं आहे. तेव्हा दहा वाजायचे होते. त्यानं मनाशी हिशेब केला. लवकर आला तर दुपारी, उशीर झाला तर पार मध्यरात्र उलटून.

दुपारी त्यानं तीच मागणी परत घातली. मशीन म्हणालं, काम आधीच चालू आहे. चहा पिऊन आला, पुन्हा घातली. तेच उत्तर.

"सारकं वाकून बघिटलं म्हनून पेवात हवा लवकर शिरत न्हाई रं," यल्लाप्पा म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी संयोगिताबाईंच्या हाताखालचा डॉक्टर विश्वजित सहीचा कागद घेऊन वॉर्डात आला. भामाबाई उशीला टेकून बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी होती, पण तोंड बंद नव्हतं.

"यांच्याकडनं सही पायजे? बसा मग, डॉक्टर. लग्नात माझं नाव घ्यायला बी ह्यांनी तासभर लावलाता."

"आजी, तुम्हाला काय वाटतं?" विश्वजितनं हसून विचारलं.

"मला व्हय? कापायचं आसंल तर पाळना म्हनून झाल्यावर कापा. नातीला नऊ वरसं वाट बघिटलीया आमी."

विश्वजितनं कागद यल्लाप्पापुढं धरला. यल्लाप्पानं हात काठीवरून काढला नाही.

"फोटो आल्याबिगर न्हाई."

"आबा, फोटो आलाच नाही तर? टेबल दुसऱ्या पेशंटला जाईल. नागसेन, तू तरी सांग त्यांना."

नागसेन आईकडं बघत होता. तिच्या गळ्याखालची शीर उडत होती. "करा सही, आबा," तो म्हणाला. "मला आता काय सुचत न्हाई. आठवडा थांबलो आणि ते वाढलं तर कुनाच्या तोंडाकडं बघू?"

यल्लाप्पा उठला आणि बाहेर व्हरांड्यात गेला. नागसेन मागोमाग गेला.

"तुज्या अर्जुना चुलत्याचं तुला ठावं हाय," यल्लाप्पा म्हणाला.

"पेवात गेले, एवढंच."

"एवढंच न्हाई. पेव उघडलं की आत लगी उतरायचं नसतंय. आत वायट हवा आसती. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राह्यला तर मानूस उतरवायचा. त्या दिवशी येपाऱ्याचा ट्रक हुबा हुता. डायवर सारका हॉर्न मारतोय. अर्जुना म्हनला, दादा, उतरतो, कंदील राहू दे. मी दोर धरला." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "वर काढला तवा अंगभर हळद. नवरदेवावानी. लगीन ठरलंवतं त्याचं."

खाली रिक्षावाले भांडत होते.

"सही मी करतो," यल्लाप्पा म्हणाला. "पर कंदील सोडल्याबिगर न्हाई. सकाळी आठपातूर येळ हाय न्हवं? मग आठपातूर बसू."

नागसेननं आत जाऊन विश्वजितला सांगितलं. विश्वजितनं मान हलवली, कागद नर्सच्या टेबलावर ठेवला आणि गेला. टेबल मात्र त्यानं दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

संध्याकाळी मागणी चालूच होती. जेवण झाल्यावरही चालूच. मग नागसेननं विचारणं सोडलं आणि बाकावर आडवा झाला.

फटफटलं तेव्हा यल्लाप्पानं त्याला हलवलं. "ऊठ रं. बघ."

खोलीत जाऊन त्यानं काळ्या खिडकीत ओळ लिहिली. या वेळी उत्तर वेगळं होतं. फाईल उघडली आणि पडद्यावर आईची छाती आली, चार वर्षांपूर्वीची, कोरोनाच्या पांढऱ्या धुरानं भरलेली. नागसेनला त्यातलं काही कळेना. आनंदही होईना, एवढा तो दमला होता. त्यानं फोटो संयोगिताबाईंच्या कॉम्प्युटरला पाठवला आणि वर जाऊन त्या येईपर्यंत दारात उभा राहिला.

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. जुना फोटो थरामागून थर सरकवत गेल्या, एका जागी थांबल्या. मोजलं. नवा मोजला. परत जुना मोजला.

"आहे," त्या म्हणाल्या. "धुरामागं लपलाय, म्हणून तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नसेल. पण आहे. जागा तीच, माप तेच. कुठल्यातरी जुन्या दुखण्याचा वण असणार. मी छाती उघडत नाही. हृदयाची औषधं लिहून देते, दोन दिवसांनी घरी न्या."

यल्लाप्पानं नर्सच्या टेबलावरचा सहीचा कागद उचलला, दोन घड्या घातल्या आणि परत तिथंच ठेवला. भामाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग च्या तरी द्या कुनीतरी. रातीधरनं उपाशी ठेवलंय."

उंब्रजला बारसं झालं. मुलीचं नाव सृष्टी ठेवलं. भामाबाईनं खुर्चीत बसून पाळणा म्हटला. मध्ये दोनदा श्वास पुरला नाही, तेव्हा बायका थांबल्या, आणि तिनं हात वर केल्यावर पुन्हा सुरू झाल्या. यल्लाप्पा मांडवाच्या कडेला बसून ऐकत होता. नागसेन जेवण झाल्याबरोबर तिथंच सतरंजीवर झोपी गेला.

त्या डागानं पुढंही तिला काही केलं नाही. भामाबाई त्याच वर्षी दिवाळी सरल्यावर, नोव्हेंबरात, हरिपूरला आपल्या घरी, पहाटे हृदय बंद पडून वारली.