हरलो तरी एकानेच

"या एकाचा कान पुन्हा तुटला वं माय! दरवर्षी तारच बांधून राहिली मी. बाकीचे आकडे पाहा, नवरीवानी कोरे. साऱ्या कॉलेजचा भार या एकट्या एकावर!"

हे माझ्या तोंडाशी तोंड आणून यमुताई पुटपुटत होत्या. त्या आमच्या मैदानाच्या सेविका. चुन्याच्या रेषा मारणे, जाळी बांधणे आणि गोल झाला की माझ्यावरची पाटी बदलणे ही त्यांची कामे. मित्रांनो, मी त्याच मैदानावरचा एक जुना गुणफलक आहे. गुणफलक हे माझे कागदावरचे नाव. मैदानावर मला सगळे नुसते बोर्ड म्हणतात. नागपूरच्या एका कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ आहे, त्याची हारजीत मी सोळा वर्षे छातीवर टांगून उभा आहे. जीत थोडी, हार पुष्कळ. पण ती कशी, ते ऐका.

माझा जन्म लकडगंजातला. कुणाच्या तरी लग्नाच्या पलंगातून उरलेले सागवान लाकडे चिरायच्या आरा मशीनच्या कोपऱ्यात पडून होते. भैयाजी सुतारांनी ते रंधून माझी पाठ केली, दोन पाय लावले, आणि छातीवर दोन मोठे खिळे ठोकले. एका खिळ्यावर 'आपण' लिहिले, दुसऱ्यावर 'पाहुणे'. तेलाचे रिकामे पिपे कापून आकड्यांच्या पाट्या केल्या, शून्यापासून नऊपर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक संच. प्रत्येक पाटीला वर एक वाकवलेला कान, टांगायला. पेंटरने विचारले, "दहा करू का गा भैयाजी?" भैयाजी हसले. "फुटबॉलात दहा कोण मारते? हॉकी समजला का तू?"

सुरुवातीची वर्षे फार गडबडीची होती. क्रीडाशिक्षक केशव सर तेव्हा चाळिशी-पंचेचाळिशीच्या मधले, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वळून पाही. मुली वाटेल तशा धावायच्या. चार-तीनने जिंकायच्या, दोन-पाचने हरायच्या, पुन्हा तीन-दोनने जिंकायच्या. माझ्या बहुतेक पाट्या दर आठवड्याला वर-खाली होत. यमुताईंना दम खायला वेळ नसे. टिनाचा खणखणाट हाच माझा आवाज, आणि तेव्हा मी पुष्कळ बोलायचो.

मग तो दिवस आला. आमच्याकडे त्याला नुसते 'तो दिवस' म्हणतात. अकरा वर्षे झाली.

गोलात चारुलता नावाची मुलगी होती. पहिल्या अर्ध्यातच तिचे बोट दुखावले. दुसरी गोलकीपर परीक्षेला गेलेली. सर म्हणाले, "बेटा, निभावून ने." तिने मान डोलावली. पाच गोल होईपर्यंत ती प्रत्येक चेंडूवर झेपावत होती. सहाव्यापासून नुसती पाहत राहिली. नववा गोल झाला तेव्हा यमुताईंनी पाहुण्यांच्या खिळ्यावर नऊची पाटी लावली. ती पाटी त्या आधी कधी लागली नव्हती. रंग अगदी ताजा होता आणि उन्हात फार चमकत होता.

सामना संपला. चारुलता माझ्याजवळ आली, हातमोजे काढले, माझ्या कडेला जास्तीचा एक खिळा आहे त्याला टांगले, आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मोजे आठ दिवस माझ्या अंगावर होते. वारा आला की त्यांची बोटे हलत. नवव्या दिवशी यमुताईंनी ते काढून नेले. सरांनी ती नऊची पाटी काढली आणि ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. म्हणून माझ्या पाहुण्यांच्या संचात आजही नऊ नाही. कुणी विचारतही नाही, काहून नाही म्हणून.

त्यानंतर सरांनी नियम केला. आपल्यावर एक गोल झाला की अकराच्या अकरा जणींनी मागे यायचे आणि दुसरा होऊ द्यायचा नाही. खूण ठरलेली: सर गळ्यातला दुपट्टा काढून कुंपणाच्या खांबाला बांधत. "दुपट्टा बांधला वं!" असे एकीने ओरडले की सगळ्या आपल्या गोलासमोर भिंत होऊन उभ्या राहत.

नियम मायेतून आला होता, हे मी सांगतो. कारण त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी सर माझ्यासमोर येऊन त्या मोज्यांकडे बघत उभे राहत, ते दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. पण माया आणि भीती एकाच पिप्यातून कापलेल्या असल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत.

नियम चालला. आम्ही शून्य-एकने हरू लागलो. एक-दोनने हरू लागलो. कधी बरोबरी. जिंकलो ते दोनदा, आणि त्यातल्या एकदा समोरच्यांची गाडी बंद पडून त्यांच्या आठच मुली पोहोचल्या होत्या. पण एकापेक्षा जास्त फरकाने हार? अकरा वर्षांत एकदाही नाही! हळूहळू ह्याचेच कौतुक सुरू झाले. स्नेहसंमेलनात प्राचार्य ते वाचून दाखवत आणि टाळ्या पडत. पेपरात 'झुंजार पराभव' असा मथळा आला, तो कापून नोटीस बोर्डावर लागला. आणि तीन वर्षांपूर्वी पेंटर बोलावून माझ्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत लिहिले गेले: 'हरलो तरी एकानेच'.

कपाळावर लिहिलेले पुसता येत नाही म्हणतात. माझ्या तर तीन हात ऑइल पेंटने लिहिले आहे.

मित्रांनो, वस्तू वापरून झिजते हे तुम्हाला ठाऊक आहे. न वापरताही ती मरते, हे मला माझ्या पाट्यांनी शिकवले. एकाचा कान झिजून तुटला, त्याला तार आहे. तरी तो आमच्यातला सगळ्यात जिवंत. चार, पाच, सहा, सात यांच्यावर अकरा वर्षे कोणी बोट लावले नाही, तर त्यांना आतून गंज लागला. पेटीतून काढले तर भुगा पडेल. माझ्या डाव्या पायाला वाळवी आहे. पुढच्या वर्षी दिव्यांचा नवा बोर्ड येणार आहे म्हणे, बटन दाबले की आकडा. तो आला की मला कुठे ठेवतील ते ठेवोत. तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला नुसते पुसून सजवून ठेवू नका. त्याच्याकडून सगळे आकडे लावून घ्या, मोठेही, लाजेचेही. एवढेच मागणे आहे.

आता परवाचे सांगतो.

जानेवारीतली दुपार. गटातला शेवटचा सामना. समोर नरखेडकडचा एक संघ. त्या पोरी गाडीतून उतरल्या त्या संत्र्यांची गोणी घेऊनच. आमचे गणित सोपे होते: नुसती बरोबरी झाली असती तरी आम्ही उपांत्य फेरीत गेलो असतो, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. आमची कर्णधार रितिका शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षे खेळली, आणि तीन वर्षांत तिने माझ्यावर आपल्या बाजूचा आकडा मोठा पाहिलेला नाही. हा सामना हरलो तर तिचे खेळणे संपले. सरांचेही तसेच, मार्चमध्ये ते निवृत्त होतात. त्यांनी सगळ्यांसाठी तर्री-पोहे सांगून ठेवले होते.

मध्यंतराच्या पाच मिनिटे आधी आमच्यावर गोल झाला. यमुताईंनी तारेचा एक टांगला.

मध्यंतरात मुली माझ्या सावलीत पाणी प्यायला बसल्या, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"सर," रितिका म्हणाली, "आज दुपट्टा नको."

"बेटा, भावनेच्या भरात येऊ नका."

"एकच गोल पाहिजे सर. त्यांची कीपर लंगडून राहिली. तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं. पण सगळ्या पुढे गेल्या तर मागे काय होते तेही पाहिलं आहे मी." सरांनी दुपट्ट्याचे टोक बोटाला गुंडाळले. "खुशीचा विचार करा जरा. मागे ती एकटी असते."

खुशी म्हणजे आमची गोलकीपर. मौद्याहून रोज बसने येते, बोलते कमी, खाते पुष्कळ. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती हातमोज्याचा निघालेला धागा ओढत बसली होती.

"बसून काय राहिल्या वं?" यमुताई चुन्याची बादली उचलत म्हणाल्या. "शिटी वाजली."

पहिली पंधरा मिनिटे सरांनी दुपट्टा गळ्यातच ठेवला, आणि आमच्या मुली खेळल्या. मी खूप वर्षांनी तसे खेळणे पाहिले. रितिकाने मारलेला एक चेंडू खांबाला लागला, आणि तो 'ठण्' आवाज मला माझ्या छातीत झाल्यासारखा वाटला. यमुताईंचा हात आपसूक आमच्या बाजूच्या एकाकडे गेला होता. मग परत आला.

त्याच चेंडूवर पाहुण्यांची एक पोरगी एकटीच सुटली. खुशीने तिच्या पायावर झेप घेऊन तो अडवला. बस, एवढेच झाले. गोल झाला नाही. पण मी सरांकडे पाहिले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि खांबाला बांधला. गाठ सुटली, ती पुन्हा मारली.

"दुपट्टा बांधला वं," कोणीतरी म्हणाले. ओरडले नाही, म्हणाले.

एकेक करून सगळ्या मागे आल्या. रितिका मधल्या रेषेवर राहिली. चेंडू घरंगळत तिच्याच पायाशी आला. समोर दोघीच, आणि त्यांच्या मागे लंगडी कीपर. रितिकाने वळून पाहिले. तिच्या मागे अर्धे मैदान रिकामे होते, आणि त्याच्याही मागे तिच्या दहा मैत्रिणी भिंत होऊन उभ्या होत्या. तिने चेंडू मागे मारला. मग तीही मागे गेली.

उरलेली तीस मिनिटे काही झाले नाही. पाहुण्यांना घाई नव्हती, आम्हाला हिंमत नव्हती. त्या आपसात चेंडू फिरवत राहिल्या, आणि आम्ही आमचा पराभव राखत राहिलो, कुणी येऊन तो मोठा करू नये म्हणून. त्यांची कीपर तर बसून संत्रे सोलायला लागली होती.

शेवटची शिटी झाली. शून्य-एक.

"शाब्बास!" सर टाळ्या वाजवत आले. डोळे भरलेले. "मान राखला माझा. अकरा वर्षं! एकानेच!" ऑफिसातल्या दोन बाबू लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पोह्यांच्या प्लेटा आल्या. मुलींनी घेतल्या, कोणी खाल्ले नाही. तर्रीवर तेलाची साय धरत होती. रितिका बुटाची नाडी सोडत बसली होती. सुटल्यावरही सोडतच होती.

खुशीने मोजे काढले आणि माझ्याजवळ आली. कडेच्या त्या खिळ्याला टांगले.

अकरा वर्षांनी त्या खिळ्यावर वजन आले, मित्रांनो. तो मुळापासून हलला.

सरांच्या हातातली प्लेट वाकडी झाली. "खुशी बेटा… तिथे नको लावू."

"काहून सर? ओले झाले, वाळवून राहिली."

"नको म्हणतो ना. काढ ते." आवाज असा, की सोळा वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "तू… तू येशील ना उद्या?"

आता सगळ्या मुली बघत होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही चारुलताला पाहिलेले नव्हते. तरी ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि माहीत आहे हे कोणी दाखवत नव्हते. यमुताई पाहुण्यांचा एक उतरवत होत्या. पाटी हातात तशीच राहिली.

"येईन ना सर. मी कुठी जाते?" खुशीने मोजे काढले नाहीत. "ते कपाटातली पाटी पण आणून लावा. तुम्हाले वाटते तुम्ही मले वाचवून राहिले. नऊ खाईन सर मी. दहा खाईन, बोर्डावर आकडा नसला तरी. अन् दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं येईन. फक्त बाकीच्यांले पुढं जाऊ द्या."

"बेटा, एकानं हरण्यात काही कमीपणा—"

"आपण एकानं हरतच नाही सर," खुशी म्हणाली. "एक झाला का आपण खेळणंच सोडून देतो."