वरची कडी

"ताई, कडी वर लावू या," जाळीवाले काका म्हणाले होते. "मांजराला कडी कळत नाही. पण कडीकडे टक लावून बघणारं घरात दुसरं कुणीतरी आहे."

ते दुसरं कुणीतरी त्यांच्या पिशवीशी फतकल मारून बसलं होतं आणि त्यांना एकेक स्क्रू देत होतं. मी हसले. "अहो काका, अडीच वर्षांची आहे ती. अजून चपला उलट्या घालते. लावा खालीच. ही कडेवर असताना टाचा उंचावत बसायला नको मला."

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या हॉलच्या खिडकीला ती सरकती जाळी बसवली, ती मांजरीसाठी. सज्ज्यावरून शेजारच्यांच्या एसीवर, तिथून पाइपावर, असे तिचे दौरे चालायचे. सासूबाई तिला भटकभवानीच म्हणायच्या.

संध्याकाळी लेक आणि मी खिडकीखालच्या दिवाणावर उभ्या राहून हजेरी घ्यायचो.

"बाबा?"

"आले."

"आजी?"

"टीव्ही."

"माऊ?"

"आत!"

मग मी एका बोटाने कडी लावून दाखवायची. "उघडलं की लगेच काय करायचं?"

"लावायचं."

तरी मांजर बाहेर जायचीच. जाळी बंद, कडी लागलेली, आणि ही पलीकडे सज्ज्यावर बसून आत बघतेय. "सिगरेट ओढायला उघडलीस ना?" मी नवऱ्यावर घसरायची.

"सोडून वर्ष झालं. मांजरीची शपथ घेऊ का?"

"भवानी जाळीतून गळत असेल चहासारखी," सासूबाई म्हणायच्या. सगळे हसायचे. मीही हसायची आणि कडी पुन्हा ओढून बघायची.

लेकीच्या लसीच्या दिवशी आम्ही सगळेच घाईत बाहेर पडलो. परतायला चार वाजले. मांजर खाली पार्किंगमध्ये पडली होती. वर जाळीला बाहेरच्या बाजूने ओरखडे होते, एकावर एक, दिवसभराचे.

नवऱ्याने तिला उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून नेलं. तिचा घुंगराचा गळपट्टा मी कपाटात ठेवला आणि लेकीला सांगितलं, "माऊ फिरायला गेलीय." तिला ते लगेच पटलं. माऊ फिरायला जायची आणि परत यायची, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्या संध्याकाळपासून हजेरीत उत्तर बदललं. "माऊ?" "बाहेर."

आठव्या दिवशी चारच्या सुमाराला मी बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या करत होते. घुंगरू वाजलं. मी कपाट उघडलं. गळपट्टा तिथेच होता, गप्प. घुंगरू पुन्हा वाजलं, हॉलच्या बाजूला. पाठोपाठ लेकीचा आवाज आला, "थांब गं, उघडते."

कडीचा खट्ट आवाज झाला.

मी धावले. ती खिडकीच्या कट्ट्यावर पोटावर आडवी होती, पाय दिवाणावरून सुटलेले, हात बाहेर सज्ज्याकडे. मी तिचा फ्रॉक धरून तिला आत ओढलं. ती रडलीसुद्धा नाही. वळली, जाळी सरकवली आणि एका बोटाने कडी लावली. अगदी माझ्यासारखी.

"रोज तू उघडायचीस?"

"माऊ म्हणायची, उघड."

"आणि डॉक्टरकडे गेलो तेव्हा?"

"लावली ना मी," ती शहाण्यासारखं म्हणाली.

काका त्याच संध्याकाळी आले. कडी वर लावून दिली. या वेळी एकेक स्क्रू मी दिला.

मग मी लेकीला मांडीवर घेऊन खरं सांगितलं. माऊ मेली, आता परत येणार नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वाजवतं कोण?"

गळपट्टा मी टाकून दिला. चारला घुंगरू अजून वाजतं. मी खिडकीकडे बघत नाही, आधी लेक कुठे आहे ते बघते. आज ती माझ्या पायाशी बसून स्वतःच्या चपला घालतेय. सरळ.

तुमचं लेकरू शेजारच्या खोलीत खेळतंय ना? बराच वेळ आवाज नाही आलेला. हे राहू द्या वाचायचं. आधी उठा आणि बघून या.