बसण्याचा नाच

आमच्या नाटकात एकच नियम होता. जिनं जी हालचाल आणली, ती नाटकातून काढायची झाली तर तिनंच काढायची. आमचा दिग्दर्शक सुजित, त्यानं हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नाटक लिहिलेलं नव्हतंच. आकुर्डीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी आम्ही ते अंगानं जुळवत होतो. वर्षाली चाकणच्या कंपनीत वायरी जोडते, तिनं बोटांची धांदल आणली. पिंकीनं कंपनीची बस गाठायची धावपळ आणली. मी बसणं आणलं.

"आजी, यात नाच कुठंय?" पिंकी हसली.

"आधी बसून दाखव, मग बोल."

दापोडीच्या बल्बच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. आम्ही अबोली माळून कामावर जायचो, डब्यातली भाजी एकमेकींना वाटायचो. काय दिवस होते! एकदा नव्या मॅनेजरनं आमची स्टुलं उचलून नेली. उभ्यानं काम जास्त होतं म्हणे. दुपारी आमच्यातली जयमाला माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर सरळ जमिनीवर बसली. ताठ, हात मांडीवर. मग मी बसले, मग सगळी रांग. खोकी पट्ट्यावरून धपाधप खाली पडत राहिली. जयमालाला काढून टाकलं. स्टुलं मात्र परत आली.

तेच आता नाटकात होतं. सुजितच्या हलगीवर नाचता नाचता पोरी एकेक करून खाली बसत आणि हलगी एकटीच वाजत राही.

हॉलचा खर्च मारुतरावांचा. वर्षालीची कंपनीही त्यांचीच. तालीम बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. "झकास! ते बसणं तेवढं काढा. माझ्या बायका कामावर बसून असतात, असं वाटेल लोकांना."

"ते कुसुमआजींचं आहे," सुजित म्हणाला. "त्याच काढू शकतात."

"मग काढा, आजी. या पोरीच्या नोकरीचा तरी विचार करा."

नोकरी माझी जाणार नव्हती. वर्षालीच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही. 'काढते' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वर्षाली खाली बसली. ठेका नाही, काही नाही. नुसती ताठ.

पिंकी बसली. मी बसले. सुजितनं हलगी बाजूला ठेवली आणि तोही बसला.

"वर्षाली, उद्या कामावर यायचंय ना?" मारुतरावांचा आवाज चढला.

"यायचंय की, साहेब. आमच्या लाइनवरच्या सगळ्याजणींना शिकवलंय मी हे."

मारुतराव दाराकडे वळले. जाता जाता म्हणाले, "हॉल विसरा."

"विसरलो," मी म्हणाले. "सुजित, उचल ती हलगी. काळेवाडीच्या चौकात करायचं तर जरा जोरात वाजवावी लागेल."