रंगरावांची गोणी

मी एक जुनी गोणी आहे, मित्रांनो. तागाची. हल्ली माल प्लॅस्टिकच्या चकचकीत पोत्यांतून येतो, त्यामुळे आमच्या जातीच्या आता दारात पाय पुसायलाच उरल्या आहेत. हे काही रडगाणं नाही. जे आहे ते सांगते.

बंगालमधल्या एका गिरणीत मी शिवली गेले. अंगात गहू भरून पुण्याच्या मार्केट यार्डात उतरले, तेव्हा पाठीवर घेताना एका हमालाने आकडा असा खुपसला, की माझ्या कुशीत दोन बोटं जातील एवढं भोक पडलं. ते अजून आहे. पुढे कात्रजच्या एका गोठ्यात चार वर्षं सरकी पेंड सांभाळली. गोठ्याचे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला माझा मजबूतपणा दाखवायचे. मग गोठा मोडून तिथे इमारत उठली आणि मालकांना मी दिसेनाशी झाले. शेवटी मांजरी गावच्या उसापलीकडे, जखमी आणि बेवारस कुत्र्यांच्या एका आश्रमात येऊन पडले. तिथे मला उसवून सपाट केलं आणि कुत्र्यांखाली अंथरलं.

आश्रम सुशीलाबाईंचा. त्यांनी तीस वर्षं इस्पितळात ऑपरेशन थिएटर सांभाळलेलं, तेव्हा स्वच्छता त्यांच्या हाडात मुरलेली. दर शनिवारी सगळ्या गोण्या फिनेलच्या पाण्यात बुडवायच्या, तारेवर वाळवायच्या आणि हाताला येईल ती गोणी समोर येईल त्या पिंजऱ्यात टाकायची, हा त्यांचा नियम. नियम पाळायचे मच्छिंद्र. हे लोणी काळभोरचे, पन्नाशीचे, कामाला वाघ आणि फिनेलचे वैरी. शनिवार उजाडला की आठवडाभर जमवलेली ऊब आणि वास सगळं वाहून जाई, आणि मी पुन्हा कुणाचीच नसे. मला त्याचं काही वाटत नसे. गोणीला सवय असते.

त्या आठवड्यात मी रंगरावांकडे होते. रंगराव म्हणजे रंग उडालेला एक म्हातारा कुत्रा. ते भुंकत क्वचितच, पण समोरच्याकडे असे बघत की त्याने आपलं काय चुकलं ते शोधत बसावं. एकदा एका दांडगट कुत्र्याने त्यांच्या थाळीत पाय घातला, तर त्यांनी त्याचा कान फाडला. तेव्हापासून त्यांच्या पिंजऱ्यावर सुशीलाबाईंच्या वळणदार अक्षरातली पाटी होती: ‘रंगराव एकटे राहतात. सोबत देऊ नये. हात घालू नये.’

त्याच आठवड्यात मच्छिंद्रना उसाच्या बांधावर एका खोक्यात सोनू सापडला. दीड महिन्याचं पिल्लू, जन्मतःच आंधळं. त्याला बाकीच्या पिल्लांत सोडलं, तर ती खेळायला म्हणून अंगावर उड्या घेत आणि कुठून काय आलं ते न कळून हा किंचाळत सुटे. एका लेकुरवाळ्या कुत्रीजवळ ठेवलं, तर तिने दात दाखवले. दात दिसले असते तर तो मागे सरला असता. ती चावायच्या आत मच्छिंद्रनीच त्याला उचललं. अखेर त्याला एकट्याला ठेवलं. तिथे तो गोल गोल फिरत राही, दमला की बसे, उठून परत फिरे. अन्नाला तोंड लावीना.

“मॅडम, आज तिसरा दिवस आहे,” आश्रमाच्या डॉक्टर अक्षता म्हणाल्या. “सलाइनवर किती दिवस काढणार? ही इज जस्ट स्केअर्ड. त्याला कुणीतरी सोबत पाहिजे.”

“सोबत काय मेडिकलच्या दुकानात मिळते?” सुशीलाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नेमका पाण्याचा टँकर आला नाही. मच्छिंद्रनी गोण्या नुसत्या उन्हात झटकल्या, फरशीवर सढळ हाताने फिनेल शिंपडलं, म्हणजे वासाला वास, आणि गोण्या वाटून टाकल्या. अशी मी रंगरावांच्या अंगाखालून जशीच्या तशी सोनूच्या पिंजऱ्यात गेले.

सोनू फिरता फिरता माझ्यावर आला आणि थांबला. त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगलं, आकड्याच्या भोकात नाक खुपसलं आणि झोपला. आजवर माझ्यात गहू निजला, पेंड निजली, पण इतकं हलकं ओझं कधी आलं नव्हतं. तासाभराने उठून त्याने वाटीभर भात चाटून पुसून खाल्ला. सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं.

सुशीलाबाई आनंदाने वाकल्या आणि त्यांचं नाक आक्रसलं.

“मच्छिंद्र, ही गोणी धुतली होती का हो?”

“धुतली की, बाई.”

“कशाने? उन्हाने?”

मच्छिंद्र पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. बाईंनी पिल्लू उचलून फरशीवर ठेवलं, घरून आणलेली कळशी ओतली आणि मला स्वतः घासघासून धुतलं. इतकी स्वच्छ मी गिरणीतही नव्हते. दुसऱ्या सकाळी मला परत अंथरलं. सोनूने हुंगलं, शिंकला आणि पुन्हा गोल फिरायला लागला. वाटी तशीच राहिली.

सुशीलाबाई वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मच्छिंद्र, शनिवारी ही कुणाच्या पिंजऱ्यातून काढलीत?”

“रंगरावाच्या. पण बाई, त्यो म्हातारा डेंजर हाय.”

“सोनूला दात दिसणार नाहीत,” अक्षता म्हणाल्या. “रंगरावांनी वॉर्निंग दिली तरी कळणार नाही. रिस्क आहे.”

“आणि इथे काय सुरक्षित आहे?” असं म्हणून बाईंनी मला उचलून जवळच्या तारेवर टाकलं आणि पाटी असलेलं दार उघडलं. मच्छिंद्र सोनूला आत सोडून तिथेच उकिडवे बसले. दोन्ही हात पुढे, वेळ आली तर झडप घालायला. मी तारेवर लटकत होते, म्हणून सगळं पाहिलं.

सोनू नाक वर करून चालत गेला आणि नेमका रंगरावांच्या थाळीत उभा राहिला. चारी पाय भातात. रंगराव गुरगुरले. बाईंनी पदर तोंडाशी धरला. गुरगुरणं ऐकून कुणीही मागे पळालं असतं, पण या पिल्लाला त्यातून रंगराव कुठे आहेत एवढंच कळलं. तो त्या आवाजाकडे चालत गेला आणि भाताने माखलेलं अंग त्याने त्यांच्या गळ्याखाली घुसवलं.

रंगरावांनी मान वर करून सुशीलाबाईंकडे बघितलं, जणू सगळी चूक त्यांचीच होती. मग ते कुशीवर सरकले आणि पिल्लाला जागा करून दिली.

“सरकला!” मच्छिंद्र म्हणाले आणि मटकन खाली बसले. बाईंनी डोळे पुसले आणि फिनेल झोंबलं म्हणाल्या. बाटली पार लांब होती.

त्याला आता पाच महिने झाले. मी त्या दोघांच्या खाली असते. जुनी पाटी जाऊन नवी आली आहे: ‘सोनू व रंगराव. दोघांना नेणार असाल तरच चौकशी करावी.’ चौकशी फारशी होत नाही. दर शनिवारी सुशीलाबाई माझ्यापाशी येतात, मला उचलतात, नाक मुरडतात, म्हणतात, “ही राहू दे,” आणि परत अंथरतात. तीस वर्षांच्या सवयीला त्या मुरड घालतात, हे मला कळतं.

मित्रांनो, मी झिजले आहे आणि रंगरावांचे बरेच दात पडले आहेत. एक दिवस ते नसतील. त्या दिवशी ‘जुनं झालं’ म्हणून मला लगेच बाहेर काढू नका. सोनूला त्यांना शोधायला तेवढी एकच जागा असेल. त्याच्यासाठी नवा सोबती आणाल, तेव्हा आधी आठ दिवस त्या नव्याला माझ्यावर झोपवा. रंगरावांचा आणि त्याचा वास एकमेकांत मिसळू द्या, मग सोनूशी त्याची गाठ घाला. त्यानंतर मला खुशाल फेका, मी तक्रार करणार नाही.

तोवर मात्र कृपा करून मला धुवू नका.