रामदासांच्या डाव्या हातातली गाडी

मित्रांनो, मी एक जुना, हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी आहे. जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जातं नाहीतर पाटा-वरवंटा आला असेल. तसा मी नाही. माझं वय जेमतेम चार वर्षं. पण आमच्या जमातीत तेवढ्यातच दात पडतात, केस पिकतात आणि दुकानदार आपल्याकडे बघून "आता काय उरलंय ह्यात?" असं म्हणू लागतो. त्या हिशेबाने मी आजोबाच आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. मधोमध पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, अंगठ्यांखाली दोन बुटक्या दांड्या आणि पोटात अख्खा संगणक. एवढं सगळं एका पोटात कोंबल्यावर ते दुखणारच. माझी बॅटरी दीड तासात मान टाकायची. अंग तापायचं आणि ते थंड करायला आतला पंखा असा घोंघावायचा, की शेजारचे विचारत, "मिक्सर लावलाय का?" पडद्यावरची अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी. वजन असं, की थोडा वेळ धरलं तर मनगटं बोलायला लागत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ना, त्यातली गत.

तरी परळच्या चाळीत अमितने मला आणलं तेव्हा माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! अमित लोअर परळच्या एका ऑफिसात कामाला. त्याचे मित्र खास मला बघायला दुसरा मजला चढून आले. "भाई, कडक आहे रे! टीव्हीला पण लागतो? दे ना जरा हातात." मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. वाटलं, ह्या घरात आपलंच राज्य.

राज्य वर्षभर टिकलं. मग अमितचं काम वाढलं आणि मी कपाटावर बॅगांच्या मागे जाऊन पडलो. त्या काळात माझी आठवण ठेवली ती एकट्या राधाबाईंनी, अमितच्या आईने. दर रविवारी बुद्धमूर्तीचं फडताळ पुसून झालं की त्या मलाही खाली काढून पुसत. 'अमितचा डबा' हे नाव त्यांनीच मला दिलं. ते दिवस आठवले की अजून मला वाईट वाटतं. चालू असलेल्या यंत्राला धूळ लागली तर चालतं, पण पडून असलेल्या यंत्राला ती फार टोचते.

मग घरावर संकट आलं. राधाबाईंचे यजमान रामदास ह्यांनी वडाळा डेपोतून तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच त्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू सावरला, बोलणं तर कधी अडलंच नाही, पण डावा हात मांडीवर नुसता बधिर पडून असायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि बजावलं, "हात वापरला नाहीत तर कायमचा जाईल." घरी आल्या आल्या रामदासांनी तो चेंडू खाटेखाली भिरकावला.

"मी काय रांगतं पोर आहे, चेंडू दाबायला?"

"अहो, पण हात राहिला पाहिजे ना," राधाबाई म्हणाल्या.

"राहिला काय नि गेला काय. आता कुठे स्टिअरिंग धरायचंय?"

हे ऐकून अमित उठला, स्टुलावर चढला आणि त्याने मला खाली काढलं.

त्याने माझ्यात बस चालवायचा एक खेळ घातला. कुठल्याशा परदेशी गावातले बर्फाळ रस्ते, आणि त्यावर धावणारी लाल बस. डाव्या अंगठ्याखालची दांडी म्हणजे स्टिअरिंग, डाव्या तर्जनीखालची कळ म्हणजे ब्रेक. डाव्या हाताशिवाय गाडी हलणार नाही, हे अमित बोलला नाही, पण मला कळलं होतं.

"अंगठ्याने बस चालवतात?" रामदासांनी चष्मा वर सरकवला. "मग मी तीस वर्षं खांदे कशाला झिजवले रे?"

"चालवून तर बघा, पप्पा."

पहिल्या दिवशी बस सरळ फुटपाथवर. दुसऱ्या दिवशीही तिथेच. पण ड्रायव्हरच तो, चिडला आणि चिकटला. हळूहळू त्यांनी त्या परक्या गावाचं परळ करून टाकलं. चर्चचा स्टॉप झाला भारतमाता, पुलाखालचा झाला दर पावसाळ्यात तुंबणारा हिंदमाता. "बर्फ पडतो, पण पाणी तुंबत नाही वाटतं इथे," असंही ते म्हणत. खेळात वेळेआधी पोचणाऱ्याला जास्त गुण असत. रामदास प्रत्येक स्टॉपवर शेवटचा माणूस चढेपर्यंत थांबत आणि रोज नापास होत. माझी बॅटरी मधेच संपली की मात्र त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "अरे, माणसं बसलीत आत!" असं मलाच ओरडून सांगत.

एके दिवशी अमितने माझा पंखा मंद करून ठेवला. त्यांना आवाजाचा त्रास नको, हा त्याचा विचार. रामदासांनी मला कानाशी धरलं आणि म्हणाले, "इंजिन बंद पडलंय." पंखा पुन्हा मोठा केला तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. मित्रांनो, ज्या आवाजापायी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तो ऐकायला कुणीतरी कान लावून बसलं होतं!

आणि मग ती दुपार. गाडी चढावर होती, माझं अंग चांगलंच तापलं होतं. रामदास अचानक थांबले.

"राधा, इकडे ये. डाव्या तळव्याला गरम लागतंय."

राधाबाई पिठाच्या हाताने तशाच धावत आल्या. "खरं सांगताय?"

"खरं गं. जुन्या गाड्यांचं इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून. उन्हाळ्यात पँट भाजायची. अगदी तशी धग."

राधाबाईंनी त्यांचा हात माझ्यासकट आपल्या हातात घेतला आणि त्या रडल्या. कितीतरी आठवड्यांनी त्या हाताला काहीतरी लागलं होतं. आपल्या तापण्याची मला त्या दिवशी प्रथमच लाज वाटली नाही.

त्या आनंदात राधाबाईंनी मला एक अंगरखा शिवला. रामदासांच्या जुन्या खाकी पँटचा, आतून गोधडीचं अस्तर, वर दोन बटणं. मायेने केलेली गोष्ट, पण माझ्यासाठी ती गळफास होती. रामदास मला कधी पूर्ण बंद करत नसत. कळ एकदा दाबून 'डेपोत लावत'. त्यात मला लागते ती सावध झोप, कधीही मोडणारी. एके सकाळी मी त्या अंगरख्यात आपोआप जागा झालो. श्वासाच्या फटी गोधडीने बंद. मी भाजत होतो. जाता जाता रामदासांनी वरून हात ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "इंजिन गरम आहे. गाडीची तब्येत बरी दिसते."

संध्याकाळी अमितने बटणं सोडली तेव्हा बॅटरी फुगून माझी पाठ उकलली होती.

"पप्पा, बंद करता येत नाही तर हात कशाला लावता?" दिवसभर दमून आलेला मुलगा बोलून गेला.

रामदासांनी डावा हात उचलून चादरीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच, तिसऱ्या दिवशीही तिथेच. चहाचा कप पुन्हा एकट्या उजव्या हाताने उचलला जाऊ लागला. राधाबाई अमितला एवढंच म्हणाल्या, "डबा दुरुस्त होईल रे. हात गेला तर कुठे नेशील?"

अमित मला घेऊन दादरला निलेश नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. निलेशने माझी पाठ उघडली, फुगलेली बॅटरी काढून टाकली आणि म्हणाला, "ह्याची बॅटरी आता मिळत नाही, हा फक्त वायरीवर चालेल. त्यापेक्षा नवीन घे ना. वजनाला हलका, तापत नाही, आवाज तर शून्य."

"नको," अमित म्हणाला. "मला आवाजवालाच पाहिजे."

घरी आल्यावर त्याने माझी वायर खाटेशेजारच्या प्लगला लावली आणि तो वडिलांच्या मागे जाऊन बसला. सॉरी वगैरे म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

"पप्पा, गाडी वर्कशॉपमधून आली. कंडक्टर पाहिजे का?"

चादरीखालून रामदासांचा डावा हात बाहेर आला.

"डबल बेल दे," ते म्हणाले.

"टण टण!" अमित ओरडला, आणि गाडी सुटली. अमितच्या लहानपणी वडील कायम ड्युटीवर असत. ती सगळी राहिलेली वर्षं बापलेकांनी माझ्या पडद्यावर रोज संध्याकाळी भरून काढली. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ कुठला म्हणाल, तर मी खुंटीला बांधलेल्या गाईसारखा प्लगला बांधलेलो होतो, तोच.

एका रविवारी गाडी ऐन गर्दीच्या स्टॉपवर उभी असताना रामदासांनी मला खाली ठेवलं.

"पप्पा, माणसं चढतायत."

"चढू देत. चल, खाली जाऊ. खऱ्या बसमध्ये चढून किती दिवस झाले."

दोघं जिना उतरून गेले. मी खाटेवर चालूच होतो. पडद्यावरची माणसं ताटकळत राहिली आणि माझा पंखा एकटाच घोंघावत होता. काळजी मात्र वाटत होती. न जाणो हात सुटेल, रामदास पडतील, आणि मग पुन्हा ती चादर.

मित्रांनो, आमच्या फटींत साचलेली धूळ अधूनमधून झटका, झोपवायचं तर पुरतं झोपवा, आणि कितीही माया असली तरी आमचा श्वास झाकू नका, एवढंच माझं मागणं. आणि एखाद्या दिवशी आम्हाला तसंच टाकून कुणी बाहेर पडलं, तर आमच्यासाठी हळहळू नका.

दोघं परत आले तेव्हा दिवे लागले होते. राधाबाई दारातच उभ्या होत्या. "बसमध्ये बसायला जागा मिळाली का?"

"मिळत होती, पण पप्पा बसले नाहीत," अमित म्हणाला. "ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले, डाव्या हाताने दांडा धरून. आई, स्टॉप आला तरी सोडेनात. शेवटी मीच म्हटलं, पप्पा, सोडा आता, उतरायचंय."