आधी वाचून दाखवा

आमच्या शिलाईच्या हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर मशिनं बंद असायची. आम्ही चाळीस जणी हाताने बटणं लावायचो आणि मावशी मोठ्याने कादंबरी वाचायच्या. बारा वर्षांपूर्वी मावशींची तीन बोटं मशिनखाली गेली, तेव्हा मोठ्या मालकांनी त्यांना घरी न पाठवता वाचनाची ही खुर्ची दिली होती.

यंदा मालकांचा मुलगा कारभार बघायला लागला. पुस्तकं वाचून कुणाचं भलं झालंय, असं तो येताजाता म्हणायचा आणि आम्हाला ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणून हाक मारायचा. स्वतः लग्नपत्रिकासुद्धा शेवटपर्यंत वाचत नसावा. त्याने सांगून टाकलं की सोमवारपासून वाचन बंद, मावशींनी घरी बसायचं, भिंतीवर स्पीकर लागेल. मावशींनी पुस्तकात खूण घालून ते मिटलं. मला मात्र इतका राग आला की सुई बोटात घुसली.

शुक्रवारी तो कागद घेऊन आला. नवे नियम आहेत, नुसती औपचारिकता, पटापट सह्या करा म्हणाला.

“आधी वाचून दाखवा,” मी म्हटलं. “इथे काहीही लिहिलेलं आलं की आम्ही ते पहिल्या ओळीपासून ऐकतो.”

तो हसला, आणि त्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कागद मावशींच्याच हातात दिला. शेवटचं वाचून घ्या म्हणाला.

मावशींनी एकेक शब्द सुटा करून वाचला. पहिल्या पानावर आम्ही ‘कुटुंब’ होतो.

“सुरुवातीलाच एवढं गोड बोलतोय,” काजं करणाऱ्या काकू म्हणाल्या, “म्हणजे हा पुढे घात करणार.”

हशा पिकला. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत घात आलाच. गरजेनुसार कामाचे तास वाढतील आणि त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. गोगलगाय न् पोटात पाय! गरज कुणाची ते मुद्दाम मोघम ठेवलंय, असं एकीने दाखवून दिलं. दुसरीने विचारलं, पहिल्या पानावरचं कुटुंब तिसऱ्या पानावर ‘मनुष्यबळ’ कसं झालं, घरात आईला कुणी मनुष्यबळ म्हणतं का? बारा वर्षं कादंबऱ्यांतले खलनायक ओळखून तयार झालेले कान होते ते. मला माझ्या बरोबरच्या बायकांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

त्याचा चेहरा पडला. वकिलाने लिहिलेला कागद त्यानेही आत्ताच पहिल्यांदा ऐकला होता. कुणीच सही करेना, सुईला हात लावेना, आणि मंगळवारी माल जायचा होता. शेवटी त्याने पेन काढून तासांचं कलम खोडलं, तक्रारीचं खोडलं, शेवटच्या पानावरच्या ‘वाचन बंद’ या ओळीतलं ‘बंद’ खोडून वर ‘चालू’ लिहिलं, आणि कागद आमच्यापुढे धरला.

मावशी खुर्चीतून उठल्या. “बसा,” त्या म्हणाल्या. “बदललेलं आता तुम्ही वाचा.”

तो बसला. अडखळत, बोट ठेवून वाचू लागला. वाचनाची ओळ आली तेव्हा त्याचा आवाज अगदीच खाली गेला.

“जरा मोठ्याने वाचा,” काकू म्हणाल्या. “मागे ऐकू येत नाही.”

त्याने ती ओळ पुन्हा वाचली, मोठ्याने.